कानावरची माती

दिगंबर गेल्याचं सांगायला माणूस आला, तेव्हाही मी आधी विचारलं, "तुले कोणी सांगितलं?" कोर्टात तीस वर्षं लोकांचे कागद तपासले, खरं-खोटं आधी, रडणं मग. या वेळी मात्र ते खरंच होतं...

शाळेच्या बोर्डिंगात आम्ही एका सतरंजीवर झोपून वाढलो. पुढे तो ड्रॉइंग मास्तर झाला, फावल्या वेळात दगडात मूर्ती कोरू लागला. त्याची आवडती गोष्ट एकच. इटलीतल्या एका शिल्पकारानं, जगात नाव होण्याआधी, झोपलेला मदन घडवला, जुना दिसावा म्हणून मातीत पुरला आणि प्राचीन म्हणून खपवला. लबाडी उघडी पडली तेव्हा घेणारा चिडला, पण त्या हाताची वाहवा झाली. मूर्ती पुढे हरवली ती हरवलीच. "कुठीतरी झोपून राहिला असन गा," दिगंबर म्हणायचा.

आणि मग एक दिवस नरखेडकडे त्याच्या मेहुण्याच्या बागेत, बहर यावा म्हणून संत्र्याचं पाणी तोडून, ताण द्यायला मुळ्या उघड्या करताना, झोपलेलं दगडी बाळ निघालं! अर्धी शाळा पाहायला लोटली. संग्रहालयातले एक साहेबही आले. सगळे बाळ पाहत होते, मी झाडं पाहत होतो.

"दिगंबर, हे कलमं सहा वर्षांआधी लावले न? तवा खड्डे खोदले, त हे बाळ कुठी होतं?"

"तुले काहून एवढी चौकशी?" तो हसला. "आधी त्याचा चेहरा त पाह्य."

चेहरा चिखलानं लिंपलेला. त्यात काय पाहायचं? मी थेट साहेबांच्या कानावर घातलं, की हे दिगंबरनंच घडवून पुरलंय. इटलीत त्या शिल्पकाराचं नाव झालं. इथं दिगंबरचं हसं झालं, आणि ते मी केलं. तो भांडला नाही. चहालाही येत राहिला. पण छिन्नी त्यानं पुन्हा हातात धरली नाही. मला वाटलं, चोर ओशाळला.

तेरवीनंतर वहिनी रिक्षातून ते बाळ घेऊन आल्या. "भाऊजी, हे सांगून गेले होते, मी गेल्यावर याले धुजो अन् अनंतालेच देजो."

फडकं सोडलं. माती गेली होती. डावा कान वरून दुमडलेला... याच कानावरून बोर्डिंगातली पोरं मला 'मुडप्या' म्हणायची. गालाखाली मूठ घेऊन मीच झोपलो होतो, दहा वर्षांचा.

आता ते माझ्या टेबलावर असतं. खोड जात नाही. मला जन्मभर टोचावं म्हणून त्यानं कान मागाहून तर कोरला नाही? मी भिंग घेऊन बसतो. नवा घाव कुठंच सापडत नाही. मग भिंग ठेवतो, आणि हात आपसूक माझ्या कानाकडे जातो. पाहिला गा, दिगंबर... आता पाहिला चेहरा.