सासूबाईंची स्लाइड

सासूबाईंचा खोकला साध्या औषधाने थांबेना, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, उद्या सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून या डबीत बेडका काढून द्या, मी लॅबमध्ये बघते. नाशकात शालिमारजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेव्हा टेक्निशियन होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमचं घर मखमलाबादला, मळ्यातच. गुलाब, निशिगंध, झेंडू, शेवंती अशी फुलं नवरा पिकवायचा आणि सासूबाई पंचवटीत देवळाच्या गल्लीत बसून हार करून विकायच्या. संध्याकाळी त्यांना बारीक ताप यायचा, वजनही उतरलं होतं. फवारणीची औषधं छातीत गेली असतील, असं त्या म्हणायच्या आणि आम्हीही ते मानून चाललो होतो.

क्षयाची स्लाइड मी रोजच करायचे. थुंकी काचेवर पसरायची, ज्योतीवरून फिरवून पक्की करायची, वर तांबडा रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायची, मग आम्लाने धुवायची आणि शेवटी निळा रंग द्यायचा. आम्लाने बाकी सगळ्यांचा तांबडा रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूंचा जात नाही. निळ्या पसाऱ्यात ते लाल काड्यांसारखे दिसतात.

सासूबाईंच्या स्लाइडवर मला ते शोधावे लागले नाहीत. भिंगाखाली पहिल्याच जागी ते दिसले, सरकवलं तर पुढेही होते. मी भिंगावरून डोळा उचलला, नीट दिसावं म्हणून काचेवर तेलाचा नवा थेंब टाकला, पुन्हा बघितलं. मग डबी आणि स्लाइड तीच आहे ना, हे पुन्हापुन्हा ताडून पाहिलं. शेवटी आमच्या सरांना बोलावलं. ते लॅबचे डॉक्टर. त्यांनी शांतपणे बघितलं आणि कुणाचं आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुझी मुलगी लहान आहे ना अजून?"

माझ्या डोक्यात तोवर तेच चाललं होतं. मुलगी नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. मी कामावर आले की ती सासूबाईंच्या मांडीवर. त्या तिला घेऊन गल्लीत बसायच्या, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बडबडगाणी म्हणायच्या. घरी जाताना रिक्षात शेजारच्या बाईने मला बरं वाटत नाही का, असं विचारलं.

सासूबाई ओट्यावर बसून निशिगंध निवडत होत्या आणि मुलगी त्यांच्या पाठीला धरून उभी होती. मी आधी तिला उचललं, मग सांगितलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, गोळ्यांनी बरा होतो ना? होतो, मी म्हटलं, पण न चुकता घेतल्या तर. सासूबाईंनी हातातली फुलं दूर ठेवली, हात पदराला पुसले.

"गल्लीत कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "देवाला वाहायचे हार हायेत. खोकलीच्या हातचा हार कोन घील?"

छातीच्या डॉक्टरांनी चार औषधं चालू केली. मुलीला तपासून घेतलं. तिच्यात काही सापडलं नाही, तरी तिच्यासाठी एका गोळीची पूड करून रोज द्यायला सांगितली. गोळ्यांनी सासूबाईंची लघवी लालसर होईल, घाबरू नका, हेही सांगितलं; तरी पहिल्या दिवशी त्या घाबरल्याच. सुरुवातीचे आठवडे त्यांनी घरी राहायचं, तोंडावर फडकं धरायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. गल्लीत नवऱ्याने सांगून टाकलं की आई देवळा गावी बहिणीकडे गेली आहे. मुलगी रांगत आजीकडे निघाली की मी धावत जाऊन तिला आणायची. ती रडायची. सासूबाई तोंड भिंतीकडे करून बसायच्या, म्हणजे तिने हात पुढे केलेले दिसू नयेत.

मला कुठेच बसवेना. घरात असले की लॅबमधली स्लाइड डोळ्यांपुढे, लॅबमध्ये असले की घर. मुलगी शिंकली तरी मी जागची उठायची. नवरा एकदा वैतागून म्हणाला की तुझ्याकडे बघूनच माणूस आजारी पडेल. आणि मनात एक प्रश्न सारखा फिरत होता, की हा आजार घरात आला कुठून? आमच्यापैकी तर कुणी खोकत नव्हतं.

मी सासूबाईंना विचारलं, रोज तुमच्याजवळ कोण बसतं? त्यांनी लगेच सांगितलं, धाकटी. त्यांच्या शेजारी एक विधवा बाई हळद-कुंकू, कापूर, उदबत्त्या घेऊन बसायची. मूळची पेठ तालुक्यातली, जुन्या नाशकात एका खोलीत एकटी राहायची. सासूबाई तिला धाकटी म्हणायच्या आणि ती त्यांना ताई. पावसाळ्यात दोघी एकाच ताडपत्रीखाली, दिवसदिवस खांद्याला खांदा लावून. ती खोकते का, मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तिचा खोकला जुनाच हाय. उदबत्तीच्या धुराचा."

मी म्हटलं, तिला सांगावं लागेल. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताप उतरला होता, जेवण जायला लागलं होतं, आणि आपण खोटं बोलून घरात बसलोय हे त्यांना टोचतही असावं. काही आठवड्यांनी, डॉक्टरांनी आता बाहेर जायला हरकत नाही म्हटल्यावर, त्या आपणहून म्हणाल्या की चल, तुझ्या मनासारखं करू.

दुपारी गल्ली रिकामी असते त्या वेळी आम्ही गेलो. धाकटी पुड्या बांधत होती. सासूबाईंनी तिच्या जवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. धाकटीने मान वर केली नाही. बांधत होती ती पुडी तिने नीट बांधली.

"लघवी लाल व्हती ना, ताई?" तिने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"म्याबी घेतल्या त्याच गोळ्या. खोकला गेला, मंग सोडल्या." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्यापासून झालं का ताईला?"

नक्की सांगता येत नाही, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. पण माझा जीव घाबरा झाला. गोळ्या अर्धवट सोडल्या की नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात, मग त्यांच्यावर त्याच गोळ्या चालत नाहीत. सासूबाईंना तिच्याकडून आला असेल तर तो कुठला, साधा की चिवट? परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तिला शिव्या घालाव्या वाटल्या. पन तिचं तोंड बघून नाय घालवल्या."

मी छातीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा थुंकी मागवून मुंबईला पाठवली. तिथे जंतू वाढवून बघणार होते, कुठल्या औषधाने मरतात आणि कुठल्याने नाही. हे जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे उत्तर यायला महिने लागतील, असं ते म्हणाले. चारांपैकी दोन औषधं त्या सुमाराला बंद व्हायची होती. त्यांपैकी एक त्यांनी, अहवाल येईपर्यंत, सावधगिरी म्हणून चालू ठेवलं. मला तेव्हा हायसं वाटलं. एक पहारेकरी जास्त आहे, असं वाटलं.

सासूबाई पुन्हा गल्लीत बसायला लागल्या. त्याच सुमाराला त्यांची गुलाबाबद्दल कुरकुर सुरू झाली. यंदा गुलाबावर रोग पडलाय, रंगच नाही, म्हणायच्या. नवऱ्याने फवारणी केली. आठवड्याने पुन्हा तेच, म्हणून त्याने पुन्हा केली. मग तो चिडला. फुलं चांगली आहेत, बाजारात लोक हातातून ओढून घेतात, तुला नावं ठेवायची सवय लागलीय, असं काहीबाही बोलला. सासूबाई रडवेल्या झाल्या. मला डोळे नाहीत का, म्हणाल्या.

मी भाजी चिरत होते. ते वाक्य ऐकून उठले आणि तशीच मळ्यात गेले. गुलाब टवटवीत होते, डोळ्यात भरतील असे लाल. एक फूल पानांसकट तोडून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"आई, हा रंग कसला?"

"मातकट," त्या म्हणाल्या. "वाळल्यावानी."

"आणि पानं?"

त्यांनी फूल डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, उजेडाकडे वळवलं. "तशीच की," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

ते चालू ठेवलेलं औषध क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेवर जातं. सुरुवातीला लाल आणि हिरवा रंग ओळखू येईनासा होतो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टरांनीही दिसण्यात फरक पडला तर लगेच या, असं बजावलं होतं. पण दिसायला कमी झालं असं सासूबाईंना वाटलंच नव्हतं. फुलं बिघडली असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला दिले. त्यांना एकही वाचता आला नाही. ते औषध त्याच दिवशी बंद झालं. नजर परत येईल का, तर बहुतेक येईल, हळूहळू येईल, पूर्ण येईलच असं नाही. एवढंच कळलं.

त्या काळात नवरा आणि मी आळीपाळीने फुलं निवडून द्यायचो. सासूबाई हार गुंफायच्या, पण गिऱ्हाईक आलं की बावरायच्या. कुणी लाल मागितला, कुणी केशरी, त्या चाचपडायच्या आणि हसून वेळ मारून न्यायच्या. मुंबईचा अहवाल आला तेव्हा मी तो बसस्टॉपवर उभ्या उभ्याच फोडला. सगळ्या औषधांनी जंतू मरत होते. म्हणजे आजार साधाच होता. म्हणजे ती गोळी लांबवायची गरजच नव्हती.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्या म्हणाल्या, "तवा कुनाला काय ठावं व्हतं." आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेल्या.

त्या भेटीनंतर तपासलेल्या धाकटीच्या थुंकीतही जंतू निघाले होते. ती स्लाइडही मीच केली. पालिकेच्या दवाखान्यात तिला नव्याने गोळ्या आणि सोबत रोजचं इंजेक्शन सुरू झालं. इंजेक्शनने डोकं गरगरतं म्हणून काही दिवसांनी तिने जाणं सोडलं, आणि मग गल्लीत बसणंही. सासूबाई तिच्या खोलीवर गेल्या. दिसत नीट नव्हतं, तरी एकट्याच गेल्या. संध्याकाळी रिक्षातून दोघी उतरल्या, धाकटीच्या हातात गाठोडं होतं. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती राहील, सासूबाई म्हणाल्या.

मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं. घरात मूल आहे, आत्ता कुठे एक संकट टळतंय. नवराही माझ्या बाजूने होता.

"ती खोलीत मेली तर कुनाला कळायचं बी नाय," सासूबाई म्हणाल्या. "आन् गल्लीत खोकत बसली तर आनखी लोकांस्नी देईल. त्यापेक्षा हितं खोकू दे. मोकळी हवा हाय."

मी सरांना विचारलं. त्यांनी नाही म्हणावं, अशीच माझी इच्छा होती. ते म्हणाले, ऊन आणि वारा भरपूर असेल आणि मूल तिकडे जाणार नसेल, तर सासूबाईंचं खरं आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनची मात्रा तिच्या वजनाला बेताची केली. सासूबाई तिला गोळी देऊन समोर बसायच्या आणि गिळल्यावर तिच्याशी काहीतरी बोलत राहायच्या, कारण एकदा तिने ती गालात ठेवली होती. शेड आणि ओटा यांच्यामध्ये नवऱ्याने बांबूचं कुंपण घातलं. मुलगी त्याला धरून तिकडे हाका मारायची आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारखी बघत राहायची. त्या महिन्यांत माझा भात कितीदा करपला.

धाकटीच्या स्लाइडी मी करत गेले. लाल काड्या विरळ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. त्या दिसल्या नाहीत तेव्हा मी स्लाइड बाजूला ठेवून सरांनाही बघायला लावलं. पुढे औषधाचे महिने पूर्ण झाले आणि ती आपल्या खोलीवर परत गेली. सासूबाईंना लाल-हिरवं हळूहळू उमगायला लागलं, पण संध्याकाळच्या उजेडात अजूनही घोटाळा व्हायचा. दिवा लागल्यावर त्या हार करायच्या नाहीत, एवढं मात्र कायमचं राहिलं. मुलीला काही झालं नाही. तरी ती शाळेत जायला लागली, पुढे मोठी झाली, तोवर तिचा कुठलाही खोकला मी सहज घेतला नाही. हे तिला फार जाचायचं.

दोन हजार साल उलटल्यावरची गोष्ट. मी त्याच लॅबमध्ये होते. एके दिवशी दुपारी धाकटी दारात उभी. मागे तिच्या चाळीतली एक तरुण बाई, अंगावर पिणारं मूल घेऊन. धाकटीने तिला ओढतच आणलं असावं, कारण ती बाई मागे मागे सरकत होती.

"हिची बघा," धाकटी म्हणाली. "गोळ्या म्या देते हिला. नीट देते."

मी त्या बाईला डबी दिली आणि सकाळचा बेडका कसा काढायचा ते सांगितलं. सांगताना माझं लक्ष तिच्या कडेवरच्या मुलाकडेच होतं.