उजेड दिसला की नापास

आयटीआयच्या दोन वर्षांत तुमच्या हातून तयार काय झालं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, एक कीस आणि दुसरे किस्से. कीस लोखंडाचा. कानशीनं घासून घासून बाकाखाली साचायचा आणि शनिवारी शिपाई तो झाडून न्यायचा. किस्से मात्र कोणी झाडून नेले नाहीत. आता गुडघे कुरकुरतात, नावं विसरायला होतात, तरी आमच्या बॅचचे दोन फिटर भेटले की ते निघतातच.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमची आयटीआय जंगलाच्या कडेच्या एका तालुक्याच्या गावात, टिनाच्या शेडमध्ये भरायची. दोन वर्षं शिकायचं, मग बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ट्रेड टेस्ट द्यायची, मग सर्टिफिकेट. त्या एका कागदावर ऊर्जानगरचं वीज केंद्र, भद्रावतीकडच्या कोळसा खाणी, कुठलंही गेट उघडायचं. कागद नसला तर डेपोत लाकडं उचलायची.

शिकवायला बोरकर सर. त्यांचा एकच नियम होता. तुकडा तुकड्यावर बसवायचा, खिडकीशी धरायचा आणि फटीतून पाहायचं. उजेड दिसला की नापास. बाकीचे मास्तर पोरांना "काय उजेड पाडला" म्हणून नुसते रागावतात. आमच्याकडे पाडलेला उजेड मोजून त्याचे मार्क कापायचे.

*

फॉर्म भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती, रंजना मेश्राम. सोबत तिचे वडील शामराव. लाकूड डेपोत मजूर. बौद्ध घर, शिक्षणाला नाही म्हणायचं नाही हा घरचा कायदा. फक्त मुलीचं शिक्षण म्हणजे मास्तरीण, नर्स नाहीतर शिवणकाम, एवढ्यावर शामरावांची यादी संपायची. आयटीआयमध्ये टेलरिंगचा वर्ग होता, म्हणून ते तिला घेऊन आले होते.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "ट्रेड?"

"फिटर," रंजना म्हणाली.

शामरावांनी वाकून विचारलं, "हा कोनता कोर्स होय?"

"फिटिंगचा, बाबा."

शामरावांचा चेहरा खुलला. "हे बराबर केलं. फिटिंग जमली नाई त कपडा कितीबी भारी असो, अंगावर बसत नाई." आणि त्यांनी सही केली.

बाबूनं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. रंजना वळून मला म्हणाली, "तू काई आइकलं नाई."

ही आमची ओळख.

*

पहिले सहा महिने फिटर एकच काम करतो. घासतो. लोखंडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, सहाही बाजू कानशीनं सपाट करायच्या आणि गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का ते पाहायचं. माझी एक बाजू सरळ झाली की दुसरी वाकडी व्हायची. ती सरळ केली की तिसरी रुसायची. सगळ्यांची मर्जी सांभाळता सांभाळता तळहाताएवढा तुकडा बोराएवढा झाला.

बोरकर सरांनी तो दोन बोटांत धरून पाहिला. "वासू, हे कानशीनं घासलं का आंघोळीले वापरलं?"

मी तुकडा परत घ्यायला हात पुढे केला.

"आता याले भोक पाड अन् गळ्यात बांध. नोकरी नाई लागली तरी नजर नाई लागनार."

रंजनाचा तुकडा त्यांनी खिडकीशी धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढीही रेघ नव्हती. सर काही न बोलता पुढे गेले. सरांचं काही न बोलणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि मला ती दोन वर्षांत एकदाच मिळाली, त्यांचा घसा बसला होता तेव्हा.

*

माझ्या शेजारच्या बाकावर निताई मंडल. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातला. आता वर्कशॉपमध्ये जो तुकडा आपण बनवतो त्याला जॉब म्हणतात. निताईनं घरी पत्रात सहज लिहिलं की माझा जॉब रिजेक्ट झाला. पत्र वाचून दाखवणाऱ्या गावच्या मास्तरांनी वडिलांना अर्थ सांगितला, जॉब म्हणजे नोकरी.

दुसऱ्या दिवशीच्या बसनं वडील हजर. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात तळलेल्या मासळीचा डबा. थेट बोरकर सरांसमोर हात जोडून उभे. "साहब, लड़के से गलती हो गई होगी. उसका नौकरी मत लीजिए."

सरांना आधी काही कळेना. मग कळल्यावर त्यांनी भंगाराच्या पेटीत हात घातला, निताईचा वाकडा तुकडा शोधला आणि वडिलांच्या हातावर ठेवला. "ये है उसका जॉब."

वडिलांनी तो उलटसुलट पाहिला. "बस, इतना ही?"

"इतना ही."

त्यांनी तो धोतराला पुसून पिशवीत टाकला. "तो हम घर ले जाते हैं. यहाँ तो फेंका हुआ है."

तो तुकडा अजून निताईच्या घरी दाराला अडसर म्हणून आहे. मासळी आम्ही त्याच दिवशी संपवली.

*

दुसऱ्या वर्षी मेल-फिमेलचा जॉब आला. एका तुकड्याला दात, दुसऱ्याला खाच, आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसायला हवेत. ट्रेड टेस्टला हाच येणार हे सगळ्यांना ठाऊक. पण वर्गात एक मुलगी असल्यामुळे सरांना ते इंग्रजी नाव घ्यायला संकोच वाटायचा. ते म्हणू लागले, नवरदेव आणि नवरी. आणि जॉब बसत नसला की, "नवरी थोडी घास."

आठवडाभर हे ऐकून रंजनानं कानस खाली ठेवली. "सर, दरवेळी नवरीलेच काऊन घासाचं? नवरदेवाले हात लावाची मनाई हाय काय?"

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर 'अ' तुकडा आणि 'ब' तुकडा. ही बातमी कोणीतरी सरांच्या घरीही पोचवली असावी, कारण त्यानंतर जेवणाचा डबा नळावर स्वतः घासताना सर आम्हांला रोज दिसू लागले.

*

इकडे शामरावांच्या समजुतीत त्यांची मुलगी टेलर होत होती. पहिल्याच वर्षी त्यांनी बसच्या कंडक्टरसोबत कापड पाठवलं आणि निरोप दिला, मले एक शर्ट शिवून दे.

रंजनाला साधं बटणही लावता येत नव्हतं. शेवटी ते कापड मी बसस्टँडसमोरच्या टेलरकडे नेलं. मापासाठी निताईला उभं केलं, कारण तो आणि शामराव सारखेच काटकुळे. शर्ट तयार झाला, टेलरनं कागदात गुंडाळून दिला, मी तसाच कंडक्टरच्या हवाली केला. घडीसुद्धा उघडली नाही.

चार दिवसांनी पत्र आलं. एकच ओळ. "फिटिंग बराबर हाय."

मी आणि निताई हसून हसून बाकावर आडवे झालो. रंजना हसली नाही. म्हणाली, "बाबाले समजलं ना, त दुसऱ्याच दिवशी बिस्तरा गुंडाळून घरी. मंग जल्मभर दुसऱ्यायच्या घरचे ब्लाऊज. एकदा सर्टिफिकेट हाती येऊ दे. मंग मीच सांगीन."

त्या दिवसापासून हे आमच्या तिघांचं गुपित झालं. खरं सांगायचं तर स्वतःच्या ट्रेड टेस्टपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त होती.

*

आणि एके दिवशी दुपारी शामराव स्वतःच आले. अंगात तोच शर्ट.

निताईनं त्यांना गेटवर पाहिलं आणि तो धावत आत आला. रंजना निळ्या डांगरीत, हात कोपरापर्यंत काळे. आम्ही तिला मागच्या दारानं टेलरिंगच्या वर्गात घुसवलं, कोणाची तरी ओढणी अंगावर टाकली आणि एका मशीनसमोर बसवलं. टेलरिंगच्या बाई काही विचारणार तोच शामराव दारात उभे.

रंजनानं पाय मारला. मशीन दोन टाके चाललं आणि अडकलं. आता टेलर असती तर तिनं बाईंना हाक मारली असती. रंजनानं माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "पाना दे."

मीही मूर्ख. खिशातून काढून दिला!

पाच मिनिटांत तिनं मशीन आडवं करून खालची पट्टी खोलली, आतला गुंता काढला, तेल सोडलं आणि परत जोडलं. मशीन असं चालू लागलं की बाई खुर्चीतून उठल्या. शामराव बराच वेळ मुलीच्या हातांकडे पाहत होते. मग बाईंना म्हणाले, "बाकीच्या पोरी मशीन चालवतेत. माही पोरगी मशीन दुरुस्त करते जी." आणि चहा पिऊन गेले.

बाप गेल्यावर रंजना ओढणीला लागलेले काळे डाग पुसत बसली. आम्ही दोघं मात्र स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.

*

ट्रेड टेस्टला परीक्षक नागपूरहून आले. इस्त्रीचे कपडे, हातात यादी. "आर. मेश्राम कोण?"

रंजना उभी राहिली.

परीक्षकांनी यादी पाहिली, तिला पाहिलं. "भाऊ आजारी आहे का तुमचा?"

"भाऊ सातवीत हाय, सर. त्याले पाठवू काय?"

बोरकर सरांना एकाएकी खोकला आला आणि ते बाहेर गेले.

दिवसभर आम्ही घासलं. संध्याकाळी जॉब तपासायची वेळ झाली आणि लाईट गेली. आमच्या जिल्ह्याशेजारून साऱ्या महाराष्ट्राला वीज जायची, फक्त जाताना आमच्याकडे थांबायची नाही. शेडमध्ये अंधार. परीक्षक म्हणाले, "आता उजेडच नाही, तर उजेड दिसतो की नाही हे मी पाहू कसं?"

मग सगळी वरात अंगणात. सूर्य सागाच्या झाडांवर टेकला होता आणि परीक्षक एकेक जॉब डोळ्यांपुढे धरून त्याच्याकडे पाहत होते. माझ्या जॉबमधून त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. "बोरकर, यातून तर चंद्रपूर दिसतंय." तरी पास केलं. माणूस चांगला होता.

रंजनाचा जॉब त्यांनी चारही बाजूंनी फिरवला. परत फिरवला. मग चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "कुठूनच नाही," ते म्हणाले.

बोरकर सर काही बोलले नाहीत.

*

आम्ही तिघंही पास झालो आणि तिघांनाही ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून अप्रेंटिससाठी बोलावणं आलं. तिथे एक अडचण निघाली. रंजनाला अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते. करारावर पालकाची सही हवी होती, आणि तीसुद्धा साहेबांसमोर.

मी म्हटलं, आता सांगून टाक. ती म्हणाली, "पत्रात कसं सांगू?" तिनं एवढंच लिहिलं की नोकरीच्या कागदावर सही कराले या. त्या दिवशी चंद्रपूरहून ऊर्जानगरला जाताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. मांडीवर रुमालात बांधलेला सरावाचा मेल-फिमेल जॉब. शामराव शेजारी बसलेले, अंगात तोच शर्ट, आता कोपरांवर विरलेला. बोरकर सरही रजा टाकून आले होते.

ऑफिसमध्ये साहेबांनी करार वाचला आणि मान वर केली. "मेश्राम, मुलगी इथे फिटर म्हणून शिकेल. बॉयलर, पंप, पाइप. हातात हातोडा, अंगावर तेल. पुरुषांबरोबर पाळीत काम. तुम्हांला हे सगळं माहीत आहे ना?"

शामरावांनी मुलीकडे पाहिलं.

"बाबा," रंजना म्हणाली. तिनं रुमाल सोडला आणि जॉब टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो उचलला, खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला. मग शामरावांच्या हातात दिला. "असं धरा आणि पाहा. उजेड दिसतो का कुठून?"

शामरावांनी एक डोळा मिटून पाहिलं. "नाई दिसत जी."

"यालाच आमच्याकडे पास म्हणतात."

शामरावांनी जॉब दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. मग ते साहेबांसमोर वाकले आणि मानेमागची कॉलर उलटी केली. "आता याच्यात पाहा जी. याच्यात दिसते."

कॉलरच्या आत शिवलेली पट्टी साहेबांनी मोठ्यानं वाचली. "गुलाब टेलर्स, बसस्टँडसमोर."

मी निताईकडे पाहिलं. निताईनं जमिनीकडे पाहिलं. रंजनाचा हात तोंडावर गेला होता.

"पार्सल उघडलं त्याच दिवशी वाचलं होतं," शामराव म्हणाले. "दीड साल झालं, शर्ट पोरीनं शिवला म्हनून गावभर सांगून राह्यलो. कोनाले उजेड दिसू देला नाई."

त्यांनी कॉलर सरळ केली, वरपर्यंत बटणं लावली आणि कागद स्वतःकडे ओढला.

"सही कुठी करू?"