मागून येणारी घंटी

माझा उजवा गुडघा कधीच दुखला नाही.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, जी कितीतरी हिवाळे तेल कोमट करून तो गुडघा चोळत आली. डॉक्टरांजवळ नाही, ज्यांनी फोटो काढून 'तसं काही दिसत तर नाही' म्हणत गोळ्या लिहून दिल्या. आणि ज्यांच्यासाठी हे खोटं मुळात रचलं, त्या देविदास काकड्यांजवळ तर नाहीच. देवीभाऊंना जाऊन आता महिना उलटला. भेटायला येणारे हळहळतात, 'एवढा सायकल चालवणारा माणूस, त्याचंच हृदय कसं काय...' मी मान हलवतो. उठताना सवयीनं उजव्या गुडघ्यावर हात ठेवतो. समोरचा म्हणतो, सांभाळा.

देवीभाऊ रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून, पुढं पसरलेल्या सगळ्या गाडीवर नजर ठेवणारा माणूस. घर रायपूरच्या कडेला, बीरगावकडं. दिवसरात्र उरला इथल्या कारखान्यांचे ट्रक खिडकीसमोरून जायचे, ताटावर झाकण ठेवून जेवावं लागे इतकी धूळ. त्यामुळं असेल, सायकलीच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता, जिथं मोटार जात नाही तिथून जायचं. नहरपार, म्हणजे कालव्याच्या बांधावरची वाट, शेतांमधले कच्चे रस्ते, नदीकाठच्या बैलगाड्यांच्या वाटा. दिवसभरात एकही हॉर्न कानावर पडला नाही तरच ती सहल त्यांच्या हिशेबी धरली जायची. एकदा आरंगच्या अलीकडं, घरी परतायला वळलो असताना, लांबून कुठून तरी ट्रकचा भोंगा आला. हे सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "गेला बे बाबू, आजचा दिवस पाण्यात गेला!" मी कचेरीत कारकून, म्हणून बाबू. मी त्यांच्याहून लहान, म्हणून ते भाऊ. आमचं नातं एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

महानदीच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत जायचं, ही कल्पना त्यांचीच. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालेलं, एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय थाटलं जात होतं, खाटा निघून टेबलं लागत होती. त्या धामधुमीत मी रजा कशी मिळवली ते आता आठवत नाही. राजिमला संगमावर पाय बुडवले आणि निघालो, काळ्या साध्या सायकलींवर, मागं पथारी आणि एक पातेलं बांधून. शिवरीनारायण, मग ओडिशा, हिराकूडचं ते न संपणारं पाणी, पुढं सोनपूर... मोठा रस्ता आला की ओलांडायचा आणि पुन्हा काठाला लागायचं. वाळूत सायकल खांद्यावर घ्यावी लागे. कोळी लोक मासे द्यायचे, आम्ही भात रांधायचो. देवीभाऊ पुढं असायचे. वळणावरून पाणी दिसलं की ओरडायचे, "बाबू, ये लवकर, पाहून घे!" जणू मी पोचेपर्यंत नदी निघून जाणार होती. त्या दिवसांइतका मी नंतर कधी मोकळा नव्हतो, हे मला तेव्हाच कळलेलं होतं. म्हणूनच पुढचं सांगणं अवघड जातं.

बौधला मी एका एसटीडी बूथवरून कचेरीत फोन केला. सहकारी म्हणाला, "कहाँ घूम रहा है यार? मंत्रालय के लिए आदमी छाँट रहे हैं. जो सामने दिखेगा वही जाएगा." मी फोन ठेवला. बाहेर देवीभाऊ केळी घेऊन उभे होते. डोंगरांमधून नदी अरुंद होते तो टप्पा पुढंच होता, त्यानंतर सपाटी, मग समुद्र. सरळ सांगता आलं असतं, की भाऊ, मला परत जायचंय, नोकरीचा प्रश्न आहे. ते हसले असते, चार शिव्या घातल्या असत्या आणि एकटे पुढं गेले असते. त्यांनी एकट्यानं जाऊ नये, असं मला वाटत होतं. मी नसताना त्यांनी समुद्र पाहू नये. हेही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावरून चढताना मी लंगडलो.

त्यांनी मला पायरीवर बसवलं, गुडघा दाबून पाहिला. मी योग्य जागी 'आई गं' म्हटलं. "परत जाऊ," ते लगेच म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही जा ना पुढं. "येडा झाला का बे? अन् तुले इथं टाकून? समुद्र काय उठून चालला कुठं?" बसच्या टपावर दोन्ही सायकली त्यांनीच चढवल्या, मला हात लावू दिला नाही. संबलपूरहून गाडीत मला खिडकीची जागा दिली, पाय लांब करता यावा म्हणून. आल्याबरोबर मी मंत्रालय झालेल्या त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, साहेबांच्या नजरेत पडेपर्यंत. माझं काम झालं. आज नवा रायपूरला मला जी केबिन आहे, तिची सुरुवात त्या घाटाच्या पायरीवर आहे.

वाटलं होतं, महिनाभर लंगडू आणि विसरून जाऊ. पण देवीभाऊ विसरणारे नव्हते. पुढच्या सहलीला त्यांनी नियम केला, "ज्याचं दुखते तो पुढं राहीन. त्याच्या चालीनं गाडी चालन. मी गार्ड आहो ना बे, आपली जागा मागंच." आणि घंटी ठरली. मी अधूनमधून पुढून एकदा वाजवायची, त्यांनी मागून दोनदा. म्हणजे सगळं ठीक. तेव्हापासून मी पुढं. नहरपारावरचं सकाळचं धुकं आधी माझ्या अंगावर यायचं, बगळे माझ्यासमोर उडायचे, नदीचं वळण आधी मला दिसायचं. त्यांच्यासमोर इतकी वर्षं माझी पाठ होती.

समुद्राचा विषय निघाला की म्हणायचे, "तुहा गुडघा बसू दे नीट, मग जाऊ." मी म्हटलं, एकटे जाऊन या. तर म्हणे, "इंजिनाशिवाय गार्ड कुठं जाते काय?" रेल्वेचा पास असलेला माणूस, मनात आणलं असतं तर सकाळी पुरीच्या वाळूवर असता. गेले नाहीत. नदीबरोबरच जाणार, नाही तर नाही. मी मात्र बायकोमुलांना घेऊन पुरीला जाऊन आलो, देवीभाऊंसाठी तिथली मिठाई, खाजा, आणली. त्यांनी खाजा खाल्ला, बोटं झटकली आणि विचारलं, "लय मोठा असन ना?" मी म्हटलं, "गर्दी फार असते हो."

पुढं गिअरच्या सायकली आल्या. त्यांच्या बायकोचं निधन झालं, मुलगी पल्लवी नोकरीला लागली. कचेरी नवा रायपूरला गेल्यावर तिकडच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मी त्यांना घेऊन गेलो. एक चक्कर मारून म्हणाले, "हे रस्ते कोणाची वाट पाहून राहिले बे?" आणि आम्ही पुन्हा नहरपारावर आलो.

शेवटची सहलही तिथलीच, अभनपूरच्या पुढची. धान कापून झालेलं, कालव्यात तळाशी थोडंसं पाणी. गावातल्या हॉटेलात चहाला थांबलो होतो. देवीभाऊंनी थैलीतून नवा गुडघापट्टा काढला आणि चार लोकांसमोर खाली बसून, माझी चप्पल बाजूला करून, तो माझ्या पायात चढवू लागले. चहावाला म्हणाला, "भैया, बड़े भाई हैं क्या?" देवीभाऊ म्हणाले, "नहीं, गार्ड हूँ." सगळे हसले. मला ते सहन झालं नाही. त्यांच्या टाळूवरचे विरळ केस मला वरून दिसत होते. मी पाय ओढून घेतला. "सोडा ना देवीभाऊ! काही झालेलं नाही मला." आवाज चढला होता. त्यांनी पट्टा घडी करून थैलीत ठेवला. म्हणाले, "बरं बाबा. काहून चिडतो?"

आणि मी निघालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या खऱ्या पायांनी सायकल मारली. खोटं सांगत नाही, बरं वाटलं. छाती भरून येत होती, बांध मागं पळत होता. घंटी मी वाजवली नाही. मागून वाजली का, तेही ऐकलं नाही. कालव्याच्या फाटकाशी थांबून वळून पाहिलं तर रस्ता रिकामा होता. मी मुद्दाम पाणी प्यायलो. येतील, म्हटलं, येऊ दे सावकाश... मग एकदा घंटी वाजवली. उत्तर आलं नाही.

परत गेलो तेव्हा ते एका बाभळीला टेकून बसले होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली. थंडीत घामानं सदरा भिजलेला. माझ्या चालीनं चालायचं हा नियम त्यांनी त्या दिवशीही पाळला होता. मी खाली बसलो तर माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "आज मस्त चालून राहिला बे बाबू तुहा गुडघा..."

त्यांना माझं खोटं कळलं होतं, की खरंच आनंद झाला होता, हे मला ठरवता येत नाही. चेहरा आठवून पाहतो. आनंदच दिसतो. तो जास्त छळतो.

फोन लागत होता, पण तिथं यायला गाडीला वाट सापडेना. ज्या रस्त्याला मोटार नाही तो रस्ता आम्हीच निवडून काढलेला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न ऐकू यावा म्हणून कान लावून बसलो. शेवटी शेतातून एक ट्रॅक्टर आला. संध्याकाळी इस्पितळात ते गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. पण माझ्याकडं एकदा बघून मगच ते तसं म्हणाले.

पल्लवीनं परवा त्यांची सायकल माझ्या घरी आणून दिली. "काका, ये आप ही रखिए," म्हणाली. मग हळूच, "आपका घुटना कैसा है? पापा को बस उसी की फिक्र रहती थी. बोलते थे, बाबू ठीक हो जाए तो समंदर जाएँगे." मी म्हटलं, "ठीक आहे, बेटा." तिला बोललेलं मराठी कळतं, पण छापलेलं मराठी ती कधी हातात घेत नाही. हे लिहायला बसताना ते मला माहीत होतं. छापून आलं तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही अशा भाषेत मी कबुली देतो आहे, हेही माहीत आहे.

सायकल व्हरांड्यात उभी आहे. येताजाता कुणाचा धक्का लागला की घंटी वाजते, एकदाच. दुसरी वाजेल म्हणून मी थांबतो.

बौधच्या घाटापासून समुद्रापर्यंतची वाट मी देवीभाऊंना देणं लागतो. त्याआधी त्यांच्या मुलीसमोर बसून, हिंदीत, माझ्या तोंडानं, माझा गुडघा कधीच दुखला नाही हे सांगणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.