मेंढ्याचं डोकं कुणाला

काराजिल्गाच्या खोऱ्यात वारा इतका बेफाम असतो, की हिवाळ्यात तिथे बर्फ टिकतच नाही. आजूबाजूचं सगळं पामिर छातीभर बर्फात गाडलेलं असतं आणि काराजिल्गात मात्र पिवळं गवत उघडं. याक ते खातात म्हणून जगतात, आणि याक जगतात म्हणून आमच्या वस्तीतले नऊ तंबू जगतात. ते गवत अजून आमचं आहे, ते कानिशाय काकूमुळे.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची विधवा. काका हिमकड्याखाली गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून म्हातारा सासरा नारबोतो आबा, वीस-बावीस याक आणि वस्तीतला सगळ्यात मोठा तंबू, हे सगळं तीच सांभाळते. अंगाने ठेंगणी. याकांशी बोलताना तिच्या तोंडाला खळ नाही. "अगं भवाने, तो दगड आहे, दगड! तुझी आई नाही ती! चल पुढे!" अशी दिवसभर चालू. पण समोर माणूस आला की दोन शब्द, फार तर तीन.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तिच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर लढाई झाली. काबूलच्या अमिराचे शिपाई दगडांच्या आडोशाला ठाणं करून बसले होते. उत्तरेकडून झारचे कोसॅक घोडेस्वार आले. सकाळी नुसती तोंडातोंडी होती. हे खोरं आमचं, छे, आमचं. दुपारपर्यंत सात अफगाण आणि दोन कोसॅक मरून पडले. जिंकलेल्यांना वरून घाईचा हुकूम आला, ते मातीच्या दोन मुठी टाकून निघून गेले. वाऱ्याने ती माती दुसऱ्याच दिवशी उडवली.

आमची जमीन उन्हाळ्यातही हातभर खाली गोठलेली असते. काकूने आणि आबांनी जमिनीवर शेणी पेटवायच्या, माती सैल झाली की तेवढी खणायची, पुन्हा पेटवायच्या, असं करत नऊ खड्डे केले. नऊ दिवस लागले. तेव्हापासून दर गुरुवारी ती तेलात पिठाचे तुकडे तळते. तळणाचा वास मेलेल्यांपर्यंत पोहोचतो, त्यांचं पोट त्या वासाने भरतं. सगळ्याच बायका आपापल्या मेलेल्यांसाठी तळतात, पण काकूचा घाणा संपतच नाही.

"परक्यांसाठी कशाला तेल जाळतेस गं?" माझी आई तिला टोचायची.

"दारात मेले," काकू म्हणायची. "परके कसे?"

त्या लढाईतली दुसरी गोष्ट वस्तीत कुणी मोठ्याने बोलत नाही. डोंगरापलीकडच्या वस्तीने एका बाजूच्या शिपायांना दूध दिलं होतं. नंतर कुणीतरी येऊन त्यांचे तंबू जाळले. त्या थंडीत तिथली चार मुलं गेली.

मग गेल्या वर्षी बातमी आली की झारची माणसं आणि हिंदुस्थानातले इंग्रज मिळून पामिरावर रेघ ओढणार आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आम्हाला वाटलं, दोर बांधणार. आणखी काय वाटणार? बायका याकाची लोकर कातता कातता हिशेब करू लागल्या.

"एवढा दोर वळायचा तर सगळ्या पामिरातले याक भादरावे लागतील."

"आणि तो ताणून कोण धरणार? तुझा नवरा?"

"माझा नवरा साधी तंबूची दोरी धरत नाही, बाई!"

काकू हसली नाही. "कुठून जाणार?" एवढंच तिने विचारलं. आमचं उन्हाळ्याचं गवत दक्षिणेच्या उतारावर आणि हिवाळ्याचं काराजिल्गात. मधून दोर गेला तर संपलंच.

त्याच वर्षी शरद ऋतूत एका गुरुवारी दुपारी खोऱ्याच्या दोन्ही तोंडांनी एकाच वेळी धूळ उठली. उत्तरेकडून चौदा कोसॅक आणि त्यांचा कप्तान, छातीवर लाल दाढी पसरलेला. दक्षिणेकडून एका डोळ्याला काच लावलेला इंग्रज साहेब आणि त्याच्याबरोबर बारा अफगाण स्वार. लालदाढ्या आणि काचवाला. नावं आम्हाला नंतरही नीट उच्चारता आली नाहीत. दोघांच्या मध्ये एकच दुभाष्या, वाखानचा मुबारकशा. त्याला सात भाषा येतात आणि एकाही भाषेत गप्प बसता येत नाही.

पाहुणा आला की त्याला बसवायचं, खाऊ घालायचं. तो कोण, कशाला आला, हे नंतर. काकूने मेंढा कापायला सांगितला. शिपाई बाहेर घोड्यांजवळ थांबले, समोरासमोर, बंदुका गुडघ्यांवर घेऊन. आत दोन्ही कप्तान दाराशीच अडले. तंबूत दारासमोरची जागा मानाची, आणि ती एकच.

"आपण पुढे व्हा," लालदाढ्या वाकला. आवाज असा, की जणू रिकाम्या पिपात धोंडा गडगडतोय.

"छे छे, आपणच," काचवाला म्हणाला. नाकातून, पातळ, शेवटचा शब्द वर उचलून. आणि म्हणता म्हणता त्याने एक पाऊल पुढे टाकलं. लालदाढ्यानेही टाकलं.

काकूने लालदाढ्याला उजवीकडच्या लोकरीच्या नमद्यावर बसवलं, काचवाल्याला डावीकडच्या. मानाची जागा रिकामी राहिली. आबा चुलीजवळ बसून दोघांकडे टुकुटुकु पाहत होते.

मीठ घातलेला चहा झाला. काचवाल्याने पितळेचं एक यंत्र बाहेर काढून दाराजवळ मांडलं, त्यात एक डोळा घातला आणि समोरच्या शिखराची उंची सांगितली. मुबारकशा कुजबुजला, "डोंगराला हातसुद्धा न लावता!" ज्या डोंगराकडे मान वर करून पाहिलं की टोपी पडते, तो याच्या नळीत मावला होता.

आबांनी विचारलं, "बाळ, त्याला विचार, तिथे माझ्या पोरावर पडलेलं बर्फ किती खोल होतं?"

मुबारकशाने पहिल्यांदाच काही भाषांतर केलं नाही.

तेवढ्यात मटण शिजत आल्याचा वास सुटला, आणि लालदाढ्याने मांडीवर थाप मारली. "मी तीन वर्षं तुम्हा किरगिझांत राहिलोय. मला तुमचा रिवाज ठाऊक आहे. मेंढ्याचं डोकं ज्याच्यासमोर ठेवतात तो सगळ्यांत मोठा. बाईंनी डोकं मला दिलं तर हे खोरं झारचं आहे हे त्यांनी मान्य केलं. मी माझ्या वहीत तसं लिहीन."

मुबारकशाने ते आधी आम्हाला सांगितलं, मग इंग्रजीत. काचवाल्याने काच काढली, पुसली, पुन्हा लावली. "झकास! आणि मला दिलं तर मी माझ्या वहीत लिहीन. दोघांनी दोन्ही वह्यांवर सही करायची. मंजूर?"

"मंजूर!"

आणि दोघंही हसले. खरंच हसले, शर्यतीत घोड्यावर पैज लावल्यासारखे. बाहेर एक घोडा खिंकाळला तसा एका शिपायाचा हात बंदुकीवर गेल्याचं दारातून दिसलं. मला पलीकडच्या वस्तीतली ती चार मुलं आठवली. आईने माझा दंड घट्ट धरला होता. काकू एकाला डोकं देणार, मग दुसरा वर्षभराने, सहा महिन्यांनी परत येणार, तंबू जाळायला.

काकू उठली. तिने मटणाचं पातेलं तसंच ठेवलं, दुसरी कढई चुलीवर चढवली, तेल ओतलं आणि पिठाचे तुकडे सोडायला लागली. गुरुवार होता. तळणाचा वास तंबूभर पसरला आणि धुराड्यातून वर गेला.

"हे काय चाललंय?" लालदाढ्याने विचारलं.

"थांबा," काकू म्हणाली.

घाणा संपल्यावर तिने डोकं लाकडी परातीत काढलं आणि परात दोन्ही हातांनी उचलली. दोन्ही कप्तान सरळ बसले. ती उजवीकडे वळली नाही, डावीकडे वळली नाही. सरळ गेली आणि परात मानाच्या रिकाम्या जागेसमोर ठेवली. मग दोघा कप्तानांकडे वळून बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला माणसांसमोर कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या आधी नऊ पाहुणे आलेत. दोन वर्षं झाली, अजून गेले नाहीत. त्या दगडांमागे आहेत. सात या साहेबांबरोबरच्या स्वारांचे भाऊबंद. दोन या दाढीवाल्या दादांची माणसं, त्यांच्या गळ्यात क्रूस होते म्हणून थोडं बाजूला ठेवलं, पण वारा एकच लागतो. आधी आलेला पाहुणा मोठा. मान त्यांचा."

मुबारकशा एकदा रशियनमध्ये बोलला, एकदा इंग्रजीत. तळणाचा वास अजून हवेत होता, आणि शपथेवर सांगेन, मला वाटलं की रिकाम्या जागेवरचा नमदा कुणीतरी बसावं तसा दबलाय. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण कुणीच तिकडे नजर लावू धजेना.

आबांनी ओंजळ करून दुवा म्हटली. लालदाढ्याने टोपी काढली. मग त्याने विचारलं, स्वतःच, मोडक्या किरगिझमध्ये, "एक उंच होता... इथे व्रण?" त्याने भुवईवर बोट ठेवलं.

"होता," काकू म्हणाली. "त्याच्या बुटाचा तळ सुटला होता. शिवून घातला."

त्याने मान खाली घातली. काचवाल्याच्या डोळ्यावरची काच कधी गळून मांडीवर पडली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

वास मेलेल्यांचा आणि मांस जिवंतांचं, हाही रिवाज. दुवा झाल्यावर काकूने परात आबांसमोर सरकवली, कारण आता वयाने तेच थोर. आबांनी सुरी पुसली, डोक्याचे दोन्ही कान सावकाश कापले आणि एक लालदाढ्याला दिला, एक काचवाल्याला.

"हा कोणता मान?" काचवाल्याने दबकत विचारलं.

मुबारकशा चाचरला. "साहेब, म्हणजे... कान लहान मुलांना देतात."

"का?"

"थोरांचं ऐकावं म्हणून."

मग लालदाढ्याच्या दाढीतून हुंकार फुटला, पिपातला धोंडा पुन्हा गडगडला, आणि काचवाल्याने नाकातून खिंकाळल्यासारखं केलं. पन्नाशीचे दोन बाप्ये मान खाली घालून कान चावू लागले. कूर्चा कडकडा वाजत होती.

"चावून झालं?" आबा म्हणाले. "आता सूनबाई काय म्हणते ते ऐका, पोरांनो."

"रेघ कुठेही ओढा," काकू म्हणाली. "तुम्ही ओढणारच. पण आमचे याक उन्हाळ्यात पलीकडे जाणार आणि हिवाळ्यात इथे येणार. त्यांना कुणी अडवायचं नाही. लिहा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वह्या बाजूला राहिल्या. एकाच कागदावर एकाने उजव्या अंगाला लिहिलं, दुसऱ्याने डाव्या अंगाला, दोघांनी सह्या केल्या. काकूने कागद घडी करून छातीशी ठेवला आणि मटण वाढायला घेतलं. बाहेरच्या शिपायांनाही गेलं, एकाच पातेल्यातून.

पुढच्या उन्हाळ्यात रेघ ओढणारे आले. दोर नव्हताच, नुसते दगडांचे खांब. काराजिल्गा झारकडे गेलं, दक्षिणेचा उतार अमिराकडे, आणि बरोबर मधल्या खिंडीत एक खांब उभा राहिला.

शरदात आम्ही याक खाली आणत होतो. खांबाजवळ एक नवखा कोसॅक उभा. त्याने बंदूक आडवी धरली आणि ओरडून काहीतरी विचारलं. काकूने कागद काढून त्याच्या हातात दिला, पण थांबली नाही. तो ओठ हलवत वाचत होता, आणि याक त्याच्या दोन्ही बाजूंनी, खांबाच्या दोन्ही बाजूंनी, काळ्या पाण्यासारखे वाहत होते. तो एकदा कागदाकडे पाही, एकदा याकांकडे. मग त्याने कागद काकूला परत केला, बंदूक खांद्याला अडकवली आणि वाटेतून बाजूला झाला.

तेवढ्यात म्होरक्या याकाने खांबाला पाठ घासली. वरचा धोंडा धाडकन खाली आला. तो कोसॅक पोरगा किंचाळला.

"अहो दादा, ओरडू नका, बिचकेल तो!" काकू म्हणाली. धोंडा पोटाशी धरून तिने उचलला, पायाच्या बोटांवर उभं राहून पुन्हा वर बसवला, आणि हात झटकून याकाच्या ढुंगणावर काठी घातली. "चल रे मेल्या, झारचं घर पाडायला निघालास होय? गवत वाट बघतंय!"

खाली काराजिल्गा पिवळंधमक पसरलेलं होतं.