आवाज रिनाताईचाच होता

विसरवाडीच्या फाट्यावर, टायरवाल्याच्या दुकानाला लागून भूपेंद्रभाईंचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. तिथे फोनवर रिना गावित बसायची. नंदुरबारची मिरची असो, शहाद्याकडची साखर असो की नवापूरची तूरडाळ, गाडी कुठे भरायची आणि कुठे खाली करायची ते ड्रायव्हरला तीच सांगे. घरी तिची कोकणी, डोंगराकडच्या आदिवासींची बोली. पण सपाटीवरच्या ड्रायव्हरांशी ती त्यांच्यासारखीच अहिराणी बोले. काम सांगून झालं तरी लगेच फोन ठेवत नसे. कुणाच्या पोरीचं कुठे जुळलं, कुणाची म्हैस व्याली, सगळी चौकशी करी. ड्रायव्हरही तिच्या आईची, रूपलीबाईची, खबर घेत. म्हातारीला दमा होता आणि त्यांच्या गावच्या, चिंचपाड्याच्या दवाखान्यात तिच्या सारख्या खेपा चालत.

धंदा वाढला तसा एकट्या रिनाला फोन आवरेनात. मग भूपेंद्रभाईंनी बाहेरच्या एका कंपनीकडून फोन उचलणारं मशीन घेतलं.

"तुमच्याच आवाजात बोलेल, रिनाबेन. ड्रायव्हर लोकांना परकं वाटायला नको."

कंपनीच्या माणसाने तिच्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली. ऑफिसात साठलेली तिच्या जुन्या बोलण्याची रेकॉर्डिंगंही तो घेऊन गेला. ती कुठे ठेवणार, कोण ऐकणार, हे कुणी विचारलं नाही. मशीन पहिल्यांदा बोललं तेव्हा रिना तोंडाला पदर लावून हसली होती. आईला तिने घरी कौतुकाने सांगितलं की आता ऑफिसात मी दोन आहे.

बरेच महिने सुरळीत गेले.

एका दुपारी भूपेंद्रभाई आणि रिना चहा घेत होते; सकाळपासून दोघं हिशेबाला समोरासमोरच बसले होते. मिरचीची गाडी घेऊन चुडामण सुरतेला निघाला होता. शहाद्याकडचा, डोक्याने शांत, जुना ड्रायव्हर. चहा घेता घेता रिनाने त्याला स्पीकरवर फोन लावला.

"चुडामणभाऊ, कोठे पोचनात?"

"परत निंघी ऱ्हायनू ना ताई. गाडी खाली करी टाकी."

"कोठे?"

"सोनगडले. तूच तं सांगं, फोन करीसन."

रिनाने भूपेंद्रभाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

त्यांनी माणसं पिटाळली. सोनगडच्या अलीकडे, रस्त्यालगत चुडामणने माल उतरवला त्या शेडमध्ये मिरचीचा खकाणा तेवढा उरला होता. पोती नव्हती, माणसं नव्हती.

संध्याकाळी चुडामण ऑफिसात आला. त्याच्या मोबाइलवर प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होत असे. त्याने तो टेबलावर ठेवला. नंबर ऑफिसचाच दिसत होता. आवाज सुरू झाला.

"भाऊ, सुरतना गोदाममा जागा नही. सोनगडले खाली कर, तठे मानसं उभा शेतस." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "आनि वहिनीना गुडघा कसा शे आते?"

हे रिनाचंच बोलणं होतं. गुडघ्याची चौकशी तिने मागे खरंच केली होती, अशीच, जरा थांबून. तिला वाटलं, आपणच तर बोललो नाही? बोललो आणि विसरलो?

"मी सांगितलं का हे?" तिने भूपेंद्रभाईंना विचारलं.

"तुम्ही माझ्यासमोर होता," ते म्हणाले. पण तिच्याकडे बघताना ते खुर्चीत किंचित मागे सरकले, आणि ते रिनाच्या नजरेतून सुटलं नाही.

नंदुरबारहून आलेल्या सायबर पोलिसांतल्या साहेबांनी उलगडा केला. मशीनवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरले होते. रिनाचा आवाज, ड्रायव्हरांचे नंबर, तिच्या गप्पा, सगळं त्यांच्या हाती लागलं होतं. आता त्यांचं मशीन ऑफिसचा नंबर दाखवून तिच्या आवाजात कुणालाही फोन करू शकत होतं, समोरचा जे बोलेल त्याला उत्तरही देऊ शकत होतं.

"मग तो आवाज परत आणा ना, साहेब," रिना म्हणाली.

साहेबांनी लिहिणं चालू ठेवलं.

भूपेंद्रभाईंनी मशीन काढून टाकलं, नंबर बदलला. तरी आवाज फिरतच राहिला. आज व्यापाऱ्याला फोन, उद्या पेट्रोलपंपावर, परवा आणखी एका ड्रायव्हरला. रिनाने मग नियमच घातला. माल उतरवण्याची जागा फोनवर बदलायची नाही. बदलली असं कुणी सांगितलं, तर फोन ठेवायचा आणि आपण उलट ऑफिसला लावायचा. गाडी निघण्याआधी ती स्वतः ड्रायव्हरच्या कानात एक खुणेचा शब्द सांगे. तो दर खेपेला वेगळा. त्यानंतर माल चोरीला गेला नाही.

पण फोनवर ती दोन शब्दांपलीकडे बोलेनाशी झाली. बोललेलं सगळं त्या दुसरीच्या पोटात जाईल, अशी धास्ती तिने घेतली होती. एकदा चुडामण भीतभीत म्हणाला, "ताई, राग नको मानू. पन ती तुन्हापेक्षा गोड बोलस."

त्या हिवाळ्यात रूपलीबाई गेली. दमाच उठला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकून रिना कामावर आली. ऑफिसात ती एकटीच होती. फोन वाजला, तिने उचलला, आणि सवयीने काहीच बोलली नाही.

"हां भाऊ, मी रिनाताई बोली ऱ्हायनू, विसरवाडीथून."

चोरांचं मशीन नंबर फिरवता फिरवता ऑफिसच्याच नव्या नंबरावर आलं होतं. समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. फोन ठेवावा हे रिनाला कळत होतं. आवाज शक्य तितका जाड करून तिने विचारलं,

"ताई, तुन्ही माय कशी शे?"

"बरी शे भाऊ." मग ते तिचंच हसू. "आते उठनी, चहा मांगी ऱ्हायनी."

रिना खाली बसली. फोन कानालाच होता. पलीकडून ती गाडीचा नंबर विचारत होती, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. रिनाला तिला आणखी विचारायचं होतं. चहा दिला का, विचारायचं होतं. शेवटी भूपेंद्रभाई आत आले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. पोलिसांनी नंबर तपासला. तो कुठल्या तरी परराज्यातल्या माणसाच्या नावावर होता, आणि तो माणूस केव्हाच मेलेला होता.

रिनाने फोनचं काम सोडलं. आता ती गाड्या भरतात तिथे उभी असते, ड्रायव्हरला समोरासमोर सांगते. पगार तोच आहे. भूपेंद्रभाईंनी तेवढं केलं.

परवा ती घरी जायला एसटीत चढली. कंडक्टरकडे "एक चिंचपाडा" म्हणाली, तसा पुढच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस झटकन मागे वळला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. रिनाने तिकीट घेतलं. कंडक्टर सुट्टे मागत होता. तिने न बोलता मुठीतली नाणी त्याच्यापुढे धरली.