पोरीला आय धाडते

मे महिन्यातला शेवटचा शनिवार, दुपारचे तीन. वर्षाचे तांदूळ निवडून, बोरिक पावडर लावून डब्यात भरायचं काम काढलं होतं.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. शहापुरात इतकी वर्षं शिवणकाम करतेय. ‘घरात अंगात आलं होतं’ म्हणून ब्लाउज न्यायला आठ दिवस उशिरा आलेल्या बाईलाही मी सुनावलेलं आहे. तरी हे लिहितेय, कारण वही अजून माझ्याकडे आहे.

अश्विनी माझी भाची. माझी धाकटी बहीण कुंदा हिची मुलगी. धसईजवळ त्यांची भातशेती. अश्विनी चार वर्षांची असताना कुंदाला शेतात साप चावला, मुरबाडला नेईपर्यंत संपली. आठवीपासून पोर माझ्याकडे आहे. बॉटनीत बीएससी झाली. आता परदेशात वाळवलेल्या झाडांच्या एका संग्रहालयात सहा महिने काम शिकायला मिळणार होतं, पण त्याआधी ऑनलाइन परीक्षा – सोपी लॅटिन वाक्यं इंग्रजीत करायची. झाडांची जुनी वर्णनं म्हणे लॅटिनमध्ये असतात. परीक्षा सोमवारी होती.

आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. तिच्या बापाचा, विलासरावांचा, फोन आला तेव्हा माझे हात पावडरने पिठासारखे पांढरे.

“ताई, पोरीला उद्या धाडा. पोरगा कंपनीत हाय, जमीन हाय.”

“परवा परीक्षा आहे तिची.”

“मोबाइलवरच हाय ना? मग हिकडून दील.”

“तुमच्याकडे रेंज यायला झाडावर चढावं लागतं.”

“लाटीन शिकून भात जास्त पिकतो का गो ताई?” हसले. “पसंत पडली तर पुढच्याच महिन्यात उरकू.”

“बरं, धाडते.” मी एवढंच म्हटलं. भांडायचा कंटाळा आला होता, खरं सांगते.

अश्विनीने सगळं ऐकलं. वहीतली लॅटिन वाक्यं वाचत राहिली. तिचं चुकतच होतं. ‘पुएल्लाम मातेर मित्तित’... पुएल्ला म्हणजे मुलगी, मातेर म्हणजे आई, मित्तित म्हणजे पाठवते. तिने इंग्रजीत लिहिलं – मुलगी आईला पाठवते. मोबाइलमधली उत्तरं पाहिली तर चूक. “पहिला शब्द तर मुलगीच आहे ना!” म्हणून तिने पेन आपटलं. “जाऊ दे मावशी, तसंही उद्या जायचंच आहे.” वही कॉटवर टाकून ती रिचार्ज मारायला खाली गेली.

मी दाराला कडी घातली. वाऱ्याने पावडर उडते म्हणून खिडकीही बंद होती. कॉटला पाठ लावून तांदूळ चोळत बसले. झोपले नाही. डुलकीही नाही. अर्ध्या तासाने ती आली, मी कडी काढली. तिने वही उचलली नि म्हणाली, “मावशी, हे तू लिहिलंस?”

तिच्या चुकलेल्या वाक्याखाली शिसपेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं – ‘पोरीला आय धाडते.’ आणि त्याखालचं वाक्य तिने अजून सोडवलंही नव्हतं, ‘पुएल्ला इन आग्रो नोन मानेत’. त्याच्यापुढे – ‘पोर शेतात ऱ्हात नाय.’

“मला लॅटिनमधला ल येत नाही,” मी म्हटलं. घरात शिसपेन्सिल नाही. मी खडू वापरते, ती पेन.

तिने उत्तरं ताडून पाहिली. दोन्ही बरोबर. मग ओरडलीच, “अगं, शेवटचा ‘म’ म्हणजे आपलं ‘ला’! पुएल्लाम – पोरीला! आधी मराठी करायचं, मग इंग्रजी!” तासाभरात उरलेली सगळी वाक्यं तिने बरोबर सोडवली.

मी मात्र कपाटातला पत्र्याचा डबा काढला. कुंदाचं एक पत्र जपून ठेवलंय. कुंदाचं स्थळ मीच आणलं होतं. तिला डीएड करायचं होतं. मी म्हणाले होते, शिकून काय दिवे लावणार आहेस, घरची शेती आहे, खाशील-पिशील. त्या पत्रात शेवटी शिसपेन्सिलीने होतं – ‘ताई, माझी पोर शेतात ऱ्हाणार नाय. तिला तू ने.’ मी उत्तर पाठवलं होतं, होईल सवय. तेव्हा नेली नाही. नेली ती कुंदा गेल्यावर, तीही किती वर्षांनी.

पत्र वहीशेजारी ठेवलं. तेच डावीकडे कललेलं अक्षर, तोच पोट बारीक काढलेला ‘य’. कुंदा बारावीपर्यंत शिकलेली. लॅटिन हा शब्दही तिच्या कानावर कधी गेला नसेल.

कुणी म्हणेल पोरीनेच लिहिलं. मग तिला उत्तर येत असताना ती चुकत कशाला बसली असती? कुणी म्हणेल मीच, नकळत. मग लॅटिन मला कुणी शिकवलं? उत्तर शोधणं मी सोडलंय.

रविवारी सकाळी अश्विनीला वही, चार्जर आणि डब्यात पोळीभाजी देऊन घरात बसवलं आणि एकटी मुरबाडमार्गे धसईला गेले. पाहुणे आलेले होते, पोहे मांडलेले. विलासराव माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाले, “ताई, पोर कुठं हाय?”

“धाडतेय,” मी म्हटलं. “पण इथे नाही.”

आणि कुणी ‘बसा’ म्हणायची वाट न बघता परतीची एसटी धरली.