शिवक्कांचं ‘बा’

शिवक्कांनी मला पहिली हाक मारली, तेव्हा मी घाबरून मागं वळून पाहिलं होतं. लग्न होऊन मी नुकतीच कोल्हापुरात आले होते. शेजारच्या दारातून खणखणीत आवाज आला, ‘‘बा!’’ आमच्या कोडोलीच्या घरी वडिलांना बा म्हणायचे, आणि माझे बा वर्षापूर्वीच गेलेले. मागं कुणीच नव्हतं. दारात शिवक्का हसत होत्या. ‘‘तुलाच म्हणालो गं. आमच्या कानडीत बा म्हंजे ये. आत ये की, च्या टाकलाय.’’

शिवक्का निपाणीकडच्या लिंगायत घरातल्या. नवऱ्यामागं भांड्यांचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. गिऱ्हाइकाला बा, भाजीवालीला बा, गल्लीतल्या मांजरालाही बा. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन गुजराती. त्या आपल्या सासूला बा म्हणत, म्हणजे आई. जिन्यात शिवक्कांचा आवाज घुमला की त्या सासूबाई आपल्यालाच कुणी बोलावलं म्हणून खाली येत. शिवक्का म्हणायच्या, ‘‘आलासा न्हवं? मग बसा. हाक मारून कुणाला परत लावायचं न्हाय.’’

नव्वदचं दशक असंच गेलं. मग एका दुपारी शिवक्का दुकानातच कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला तो एकच शब्द.

मी आणि हंसाबेन दवाखान्यात पोचलो, तर शिवक्कांची सून सुवर्णा खाटेपासून चार हात लांब भिंतीला चिकटून उभी. मुलगा पुण्याहून निघाला होता. शिवक्कांची मान डावीकडं वळलेली, नजर मोकळ्या कोपऱ्यात खिळलेली. ‘‘बा... बा...’’

‘‘वडील दिसत असतील,’’ नर्स हळूच म्हणाली.

‘‘नाही, आईला बोलावतात,’’ हंसाबेनचे डोळे भरले.

सुवर्णानं माझा दंड घट्ट धरला. ‘‘काकू, त्या ये म्हणत्यात. पर तिथं कोण हाय? कुणाला बोलवत्यात हो?’’

बाप, आई, ये; कुठलाही अर्थ घेतला तरी मरणच समोर येत होतं. पाय उचलेना. पण ती हाक आता रडवेली होऊ लागली होती. मनाचा हिय्या केला आणि खाट व भिंतीमधल्या सांदीत अंग चोरून शिरले, त्या कोपऱ्यात, त्यांच्या नजरेसमोर.

शिवक्कांनी डाव्या हातानं माझा पदर पकडला. डोळ्यांत अशी भीती होती, की माझी मी विसरले. उजव्या अंगाबरोबर त्या बाजूचं दिसणंही गेलं होतं; उजवीकडं उभ्या असलेल्या आम्ही त्यांना दिसतच नव्हतो. त्या आम्हालाच बोलावत होत्या.

‘‘सुवर्णा, या बाजूनं ये,’’ मी म्हणाले.

ती रडत आली. शिवक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि गप्प झाल्या.

त्यानंतर वर्षभर त्या होत्या. खाट भिंतीपासून ओढून डाव्या बाजूला सुवर्णानं खुर्ची मांडली. पाणी हवं, बा. कूस बदलायची, बा. भीती वाटली, तरी बा. कानडी न येणारी मुरगूडची ही पोरगी प्रत्येक बा वेगळं ओळखायला शिकली.

एका सकाळी तिनं मला हाक मारून बोलावलं. शिवक्कांचा श्वास मंद झाला होता, डोळे मिटलेले. सुवर्णा त्यांच्या कानाशी वाकली होती.

‘‘अत्ती,’’ आयुष्यात पहिल्यांदाच तिनं सासूला कानडीत हाक मारली, ‘‘मी हितंच हाय. एकदा बा म्हणा की.’’